शेळीच्या मेंदूतील फॉस्फोलिपिड बनवणारी एन्झाइम्स: खाटकाच्या दुकानापासून टीएलसीच्या प्लेटपर्यंत

मेंदूतल्या फॉस्फोलिपिडवर (पेशींची पटलं ज्यांनी बनतात त्या फॉस्फरसयुक्त मेदांवर) प्रोजेक्ट घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या वहीत शेवटी बहुधा दोनपैकी एक वाक्य असतं. ‘एन्झाइमची क्रिया आढळली नाही’, नाहीतर ‘कंट्रोलमध्येही तेवढीच क्रिया आढळली’ (कंट्रोल म्हणजे जिथे क्रिया व्हायलाच नको अशी तुलनेची ट्यूब). मग दोष रसायनांच्या बाटल्यांना दिला जातो. खरा घोटाळा त्याच्या कितीतरी आधी, मुंडी फोडण्यापासून बफरचा पीएच लावण्यापर्यंतच्या कामात झालेला असतो. म्हणून इथे निम्मी जागा तयारीलाच दिली आहे.

पुसद, वरुड, दारव्हा, अहेरी अशा गावांतल्या कॉलेजची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि साधं किंवा कूलिंग सेंट्रीफ्यूज मिळतं. अल्ट्रासेंट्रीफ्यूज नसतं, किरणोत्सारी कोलीन वापरायचा परवाना नसतो, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. एवढ्यात जे नीट करता येतं तेवढंच करायचं.

## टप्पा १: आधी एन्झाइम ठरवा, मेंदू नंतर आणा

‘फॉस्फोलिपिड बनवणारं एन्झाइम’ असं एकच काही नसतं. पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळी एन्झाइम्स बसलेली असतात. कोणतं शोधायचं हे ठरलं नसेल, तर नेमका तोच कप्पा तुम्ही सिंकमध्ये ओतून द्याल.

फॉस्फॅटिडिलकोलीन तीन पायऱ्यांत बनतं. पहिल्या पायरीत कोलीन कायनेज हे एन्झाइम एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरून कोलीनचं फॉस्फोकोलीन करतं. ते पेशीद्रवात असतं आणि त्याला मॅग्नेशियम लागतं. दुसऱ्या पायरीत सिटिडिलट्रान्सफरेज सीटीपी (एटीपीसारखाच एक रेणू) घेऊन सीडीपी-कोलीन बनवतं. साखळीचा वेग बहुतेक वेळा हीच पायरी ठरवते, आणि हे एन्झाइम पेशीद्रवात सुस्त, पटलाला चिकटलं की कामाला लागतं. तिसऱ्या पायरीत कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज सीडीपी-कोलीनमधला फॉस्फोकोलीनचा भाग डायअ‍ॅसिलग्लिसरॉलवर (दोन मेदाम्लं जोडलेल्या ग्लिसरॉलवर) बसवतं. हे एन्झाइम पटलातच रुतलेलं असतं. इथेनॉलअमाइनची साखळी याच धर्तीवर, पण बहुतांशी स्वतःच्या वेगळ्या एन्झाइम्सनी चालते.

फॉस्फॅटिडिलसेरीनचा रस्ता निराळा आहे. आधीच तयार असलेल्या फॉस्फोलिपिडचं डोकं काढून तिथे सेरीन बसवलं जातं. त्याला एटीपी लागत नाही, कॅल्शियम लागतं. हे काम दोन सिंथेज करतात: पहिलं फॉस्फॅटिडिलकोलीनवर, दुसरं फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइनवर. मेंदूत दुसऱ्याचं प्रमाण चांगलं असतं. पुढे फॉस्फॅटिडिलसेरीनमधला कार्बोक्सिल गट काढून फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन करणारं डीकार्बोक्सिलेज मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर बसलेलं असतं. मायलिनमध्ये (चेतातंतूंवरच्या मेदयुक्त वेष्टनात) भरपूर सापडणाऱ्या प्लाझ्मालोजेन या फॉस्फोलिपिडची सुरुवात पेरॉक्सिझोममध्ये होते.

पहिल्या प्रोजेक्टसाठी माझा आग्रह कोलीन कायनेजचा आहे. ते विरघळलेलं असतं, त्यामुळे पटलांच्या भानगडीत फार पडावं लागत नाही. शिवाय त्याने बनवलेला पदार्थ किरणोत्साराविनाही टीएलसीच्या प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करणाऱ्या, सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर) दाखवता येतो. बाकीच्या एन्झाइम्सचे आकडे हवे असतील तर परवानाधारक प्रयोगशाळेची मदत घ्या.

नेहमीची चूक: ठरवायचं सेरीनवालं एन्झाइम आणि बफरमध्ये सवयीने ईडीटीए टाकायचं. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, एन्झाइम उपाशी राहतं, आणि वहीत ‘क्रिया नाही’ असं लिहिलं जातं.

## टप्पा २: दिवस, खाटीक आणि बर्फ

हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. तेव्हा दुकानापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यातच अर्धा खेळ संपतो.

खाटकाशी आदल्या दिवशी समक्ष बोला, निरोप पाठवून भागत नाही. रविवारी आणि बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांची रांग असते, तुमच्यासाठी मुंडी लगेच फोडायला त्याला सवड नसते. गर्दी नसलेला वार निवडा. सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडे मुंडी जाळावर भाजून केस काढतात आणि मग फोडतात. भाजलेल्या मुंडीतला मेंदू बाहेरून कितीही ताजा दिसला तरी एन्झाइमच्या कामाचा नाही. तेव्हा स्पष्ट सांगा: "भाऊ, मुंडी भाजू नका, कापल्याबरोबर तशीच फोडून द्या. पैसे पूर्ण मुंडीचे देतो."

शेळी कुठली, साधारण किती वयाची, कुठे चरत होती हेही विचारा. पावसाळ्यात आणि त्यानंतर कपाशीवर फवारण्या चालू असतात. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेजबरोबरच मेंदूतली इतरही एस्टरेज बंद पाडतात. फॉस्फॅटिडिलकोलीन तोडणारं एक एन्झाइमही त्यांत येतं. फवारलेल्या बांधावर चरलेल्या जनावराचा मेंदू ‘सामान्य नमुना’ म्हणून लिहू नका.

प्राणी प्रयोगासाठी मारायचा नाही, खाण्यासाठी कापलेल्याचाच मेंदू घ्यायचा. तरीही कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीला आधी लेखी कळवा.

इशारा: आजारी, वेड्यासारखं वागणारं किंवा कुत्रा चावलेलं जनावर असेल तर मेंदूला हात लावू नका. रेबीजचा विषाणू मेंदूत मोठ्या प्रमाणात असतो. सत्तुराने कवटी फोडताना शिंतोडे उडतात. हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तुम्ही ओंडक्यापासून दोन हात लांब उभे राहा.

बर्फ कारखान्यातून किंवा रसवंतीवाल्याकडून आदल्या रात्री लादीच घ्या आणि सकाळी बारीक फोडा. मोठ्या खड्यांमध्ये हवा राहते आणि भांडं गार होत नाही. फोडलेल्या बर्फात थोडं पाणी घालून रबडीसारखं करा. त्यात मीठ मात्र टाकू नका. मिठाने तापमान शून्याच्या खूप खाली जातं, मेंदू गोठतो, आणि वितळताना पेशीचे कप्पे फुटून सगळं एकमेकांत मिसळतं.

## टप्पा ३: आदल्या दिवशीची द्रावणं

समांगीकरणाचं (ऊती वाटून एकजीव करण्याचं) बफर, १०० मिली:

- सुक्रोज १०.९५ ग्रॅम (०.३२ मोलर, यकृतासाठी ०.२५ वापरतात, मेंदूसाठी ०.३२)
- ट्रिस ०.१२ ग्रॅम (१० मिलिमोलर)
- ईडीटीए डायसोडियम ०.०३७ ग्रॅम (१ मिलिमोलर)
- डीटीटी ०.०१५ ग्रॅम (१ मिलिमोलर, प्रथिनांना ऑक्सिडेशनपासून जपतं), पण हे वापरायच्या दिवशीच टाका

पीएच ७.४ ठेवायचा आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०२८ ने. ३२ अंशांच्या खोलीत ७.४ लावलेलं बफर बर्फात ४ अंशांवर गेलं की ८.२ च्या आसपास जातं. उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत लावलं असेल तर ८.४. बाटलीवर ७.४ लिहिलेलं असतं आणि आत भलतंच काही असतं. उपाय साधा आहे. बफर बर्फात ठेवून गार करा, पीएच मीटर गार प्रमाण-बफरवरच जुळवा, आणि तिथेच ७.४ लावा. हेपीस हे दुसरं बफर मिळत असेल तर ट्रिसऐवजी तेच घ्या, ते याच्या निम्मंच सरकतं.

हाच नियम उलट्या दिशेने अभिक्रियेच्या बफरला लागू होतो. ते ३७ अंशांवर वापरायचं आहे, म्हणून त्याचा पीएच ३७ अंशांवर लावा.

कोलीन क्लोराइड हवेतलं पाणी भराभर ओढतं. पावसाळ्यात बाटली उघडली की त्याचा ओला गोळा झालेला दिसतो, आणि त्याचं वजन म्हणजे निम्मं पाणी. डेसिकेटरमध्ये नीट वाळवून, पटकन वजन करून, लगेच द्रावण करा. एटीपीच्या डायसोडियम मिठाचं द्रावण आम्लधर्मी असतं. बर्फात ठेवून पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करा आणि पीएच पेपरने बघा. हे राहिलं तर तुमच्या ट्यूबमधलं बफर एटीपी घातल्याबरोबर हरतं.

तपासा: सेंट्रीफ्यूजचा रोटर, होमोजिनायझरची नळी, ट्यूब आणि बीकर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले का?

## टप्पा ४: मुंडीपासून बर्फापर्यंत

रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच मेंदूतली मुक्त मेदाम्लं वाढू लागतात. फॉस्फोलिपिडमधूनच ती सुटतात, विशेषतः अ‍ॅराकिडोनिक आम्ल. निकोलास बझान यांनी १९७० च्या सुमारास हे दाखवलं. त्याच वेळी एटीपी संपत जातं आणि मुक्त कोलीन साठत जातं. म्हणजे तुमचा नमुना पिशवीतही बदलतच असतो. हा बदल शून्यावर आणता येत नाही, पण प्रत्येक वेळी सारखा ठेवता येतो.

म्हणून दोन वेळा घड्याळ बघून लिहा: गळा कापल्याची आणि मेंदू बर्फात गेल्याची. मधलं अंतर १५ ते २० मिनिटांच्या आत ठेवा. तास उलटला असेल तर तो मेंदू होमोजिनायझर चालवण्याच्या सरावासाठी वापरा, आकड्यांसाठी नको.

मेंदू थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नका. गार ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने भरलेल्या बीकरमध्ये ठेवा, वर झाकण लावा, आणि तो बीकर बर्फाच्या रबडीत रुतवा. थर्माकोलचा डबा मोटरसायकलवर मागे बांधण्यापेक्षा मागे बसलेल्याच्या मांडीवर बरा.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर गार मिठाच्या पाण्यात मेंदू धुवा आणि बोथट चिमट्याने वरची आवरणं व रक्तवाहिन्या सोलून काढा. रक्त राहिलं तर लाल पेशींचे फॉस्फोलिपिड आणि एन्झाइम्स मेंदूच्या नावावर जमा होतात. मग भाग ठरवा. वरचा राखाडी थर आणि आतला पांढरा भाग या दोन वेगळ्या ऊती आहेत, कारण पांढऱ्यात मायलिन ठासून भरलेलं असतं. एका वेळी कॉर्टेक्स आणि दुसऱ्या वेळी मिळेल तो तुकडा, असं केलं तर दोन दिवसांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

क्रम चुकवू नका: एक ग्रॅम ऊती सर्वांत आधी लिपिडसाठी बाजूला काढा आणि लगेच क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये टाका (टप्पा ९). ‘एन्झाइमचं काम उरकू, लिपिड संध्याकाळी बघू’ असं म्हणणाऱ्यांच्या प्लेटवर लायसो-लिपिडचा (एक मेदाम्ल तुटून गेलेल्या फॉस्फोलिपिडचा) ठिपका हमखास दिसतो.

उरलेला मेंदू घरगुती फ्रीझरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायचा मोह टाळा. हळूहळू गोठणाऱ्या ऊतीत बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात.

## टप्पा ५: समांगीकरण

५ ग्रॅम कॉर्टेक्स कात्रीने बारीक करा. त्यात ४५ मिली गार बफर घाला आणि काच-टेफ्लॉनच्या होमोजिनायझरने ८ ते १० वेळा दांडा खालीवर करा. नळी बर्फात बुडवलेली असू द्या. दांडा वर ओढताना द्रवाच्या बाहेर काढू नका, फेस येतो आणि फेसात प्रथिनं बिघडतात. स्वयंपाकघरातलं मिक्सर चालणार नाही, त्याची पाती द्रव तापवतात आणि मायटोकॉन्ड्रिया फोडतात. यंत्र नसेल तर हाताने चालवायचं काचेचं होमोजिनायझर वापरा, वेळ जास्त लागेल एवढंच.

## टप्पा ६: सेंट्रीफ्यूज

वहीत ‘१०,००० आरपीएम’ लिहून काही कळत नाही. लहान रोटर आणि मोठा रोटर यांच्यात तेवढ्याच फेऱ्यांत बळ वेगळं पडतं. ‘जी’ काढा: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या ८ सेंमी आणि १०,००० फेरे असतील तर सुमारे ८,९४० जी. त्रिज्या १० सेंमी असेल तर १,००० जी साठी सुमारे ३,००० फेरे लागतात.

१. १,००० जी, १० मिनिटं. खाली केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी बसतात. वरचं द्रव अलगद दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्या.

२. तेच द्रव १२,००० जी, २० मिनिटं. खालच्या गोळ्यात मायटोकॉन्ड्रिया, चेतापेशींची टोकं आणि बरंच मायलिन येतं. गोळ्याच्या वरचा सैल पांढरट थर ढवळला जाऊ नये, म्हणून शेवटचे दोन-तीन मिली द्रव सोडून द्या.

३. वरचं द्रव म्हणजे पोस्ट-मायटोकॉन्ड्रियल सुपरनॅटंट, मायटोकॉन्ड्रिया खाली बसल्यावर उरलेलं. यात पेशीद्रवही आहे आणि मायक्रोसोमही (पेशीतल्या पटलांचे बारीक तुकडे). मायक्रोसोम वेगळे करायला १,००,००० जी वर तासभर फिरवावं लागतं, ते इथे होणार नाही.

नेहमीची चूक: याच द्रवाला अहवालात ‘सायटोसोल’ (म्हणजे निव्वळ पेशीद्रव) म्हणणं. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतील, आणि विचारायलाच हवा.

फॉस्फॅटिडिलसेरीन डीकार्बोक्सिलेज शोधत असाल तर ते दुसऱ्या पायरीच्या गोळ्यात आहे, ओतून देऊ नका.

कूलिंग नसलेलं सेंट्रीफ्यूज असेल तर गार रोटरमध्ये १० मिनिटं फिरवा, ट्यूब बर्फात ठेवा, रोटर पुन्हा गार करा आणि मग उरलेली १० मिनिटं. मध्येच वीज गेली तर झाकण उघडण्याची घाई करू नका. रोटर आपोआप थांबू द्या आणि ती पायरी पहिल्यापासून करा.

## टप्पा ७: लहान रेणू काढा, प्रथिनं मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ‘कंट्रोलमध्येही तेवढीच क्रिया’ या वाक्याचं मूळ इथेच असतं. मेंदूतलं स्वतःचं कोलीन तुमच्या द्रवात आलेलं आहे, तेही मृत्यूनंतर वाढलेलं. कोलीन न घातलेल्या ट्यूबमध्येही ते असतंच. म्हणून सेफॅडेक्स जी-२५ चा (लहान रेणू अडवून प्रथिनं पुढे सोडणाऱ्या मण्यांचा) छोटा कॉलम गार बफरने भिजवून त्यातून द्रव काढा. कॉलम नसेल तर डायलिसिसच्या नळीत भरून, दोनदा गार बफर बदलत, चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा. कॉलम बरा, कारण वेळ वाचतो.

प्रथिनं ब्रॅडफर्डच्या रंग-पद्धतीने मोजा, ५९५ नॅनोमीटरवर. लोरीच्या पद्धतीत ट्रिस, सुक्रोज, ईडीटीए आणि डीटीटी हे सगळेच ढवळाढवळ करतात, आणि तुमच्या बफरमध्ये हे चारही आहेत. प्रमाण-वक्र काढताना अल्ब्युमिनच्या प्रत्येक ट्यूबमध्ये तेवढंच बफर घाला.

त्याच दिवशी पुढे जा. रात्रभर ठेवलं तर क्रिया फक्त कमीच होते असं समजू नका. यकृताच्या अर्कातलं सिटिडिलट्रान्सफरेज ४ अंशांवर ठेवल्यावर उलट वाढलेलं दिसतं, कारण मेदाम्लं आणि लिपिड त्याला चिकटून जागं करतात. ‘दुसऱ्या दिवशी जास्त क्रिया मिळाली’ ही शोधाची नव्हे, साठवणुकीची गोष्ट असू शकते.

## टप्पा ८: कोलीन कायनेजच्या सहा ट्यूब

प्रत्येक ट्यूबमध्ये एकूण ०.२ मिली: ट्रिस-एचसीएल १०० मिलिमोलर (३७ अंशांवर पीएच ८.५), मॅग्नेशियम क्लोराइड १५ मिलिमोलर, एटीपी १० मिलिमोलर, कोलीन क्लोराइड १ मिलिमोलर आणि तुमच्या द्रवातलं साधारण १ मिलिग्रॅम प्रथिन. मॅग्नेशियम एटीपीपेक्षा जास्तच हवं. एटीपीही सढळ ठेवलं आहे, कारण मायक्रोसोममधली एटीपेज ते खात राहतात.

१. सगळं घातलेली ट्यूब, ३० मिनिटं.

२. सगळं घातलेली, पण एटीपी घातल्याबरोबर थांबवलेली. ही शून्य वेळेची.

३. एटीपी नसलेली.

४. कोलीन नसलेली.

५. आधी उकळून घेतलेलं प्रथिन घातलेली.

६. एटीपी आणि कोलीन दोन्ही नसलेली, त्याऐवजी माहीत असलेलं फॉस्फोकोलीन घातलेली. ३० मिनिटांनंतर ते कमी झालं तर तुमच्या द्रवातले फॉस्फेटेज बनलेला पदार्थ तोडत आहेत, आणि पहिल्या ट्यूबचा निकाल खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

एटीपी सोडून बाकी सगळं मिसळा, ३ मिनिटं ३७ अंशांवर ठेवा आणि एटीपी घालून सुरुवात करा. सीटीपी घातलेलं नाही, त्यामुळे साखळी फॉस्फोकोलीनवर थांबते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

इशारा: उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर वॉटर बाथ ३७ वर थांबू शकत नाही. त्याला फक्त गरम करता येतं, गार करता येत नाही. डायलवरचा आकडा वाचू नका. थर्मामीटर ट्यूबच्या शेजारी बुडवा आणि गरज पडली तर बाथमध्ये बर्फाचे तुकडे टाकत राहा.

थांबवण्यासाठी ट्यूब झाकून उकळत्या पाण्यात ३ मिनिटं ठेवा, बर्फात गार करा, फिरवा आणि वरचं द्रव काढून वाळवा. मग मिथेनॉल व पाण्याच्या समप्रमाण मिश्रणाच्या अगदी थोड्या थेंबांत विरघळवा.

सिलिका जेलच्या प्लेटवर शेजारी कोलीन आणि फॉस्फोकोलीनचे प्रमाण-नमुने लावा. मिथेनॉल, ०.६ टक्के मिठाचं पाणी आणि संपृक्त अमोनिया १०:१०:१ या प्रमाणात घेऊन प्लेट चालवा. अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा आणि मग ड्रॅगेनडॉर्फ हा रंग देणारा अभिकारक फवारा. तो आम्लधर्मी असतो, अमोनिया राहिला तर रंग बिघडतो. कोलीन असलेले रेणू नारिंगी उमटतात.

मेंदूतलं हे एन्झाइम फार जोरकस नसतं, ठिपका फिकटच येणार. तो पहिल्या ट्यूबमध्ये दिसला आणि दुसरी ते पाचवी या ट्यूबमध्ये दिसला नाही, तर तुमचा निष्कर्ष ‘क्रिया आहे’ एवढाच. ठिपक्याच्या रंगावरून ‘प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम इतके नॅनोमोल’ काढू नका. त्यासाठी किरणोत्सारी कोलीन वापरावं लागतं, आणि ते अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय हाताळता येत नाही.

तपासा: प्रथिन निम्मं केल्यावर ठिपका फिकट होतो का? १०, २० आणि ३० मिनिटांत तो वाढत जातो का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो ठिपका एन्झाइमचा नाही.

## टप्पा ९: लिपिड काढणं आणि प्लेट

टप्पा ४ मध्ये बाजूला काढलेल्या १ ग्रॅम ऊतीला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलचं २:१ मिश्रण २० मिली. काचेच्या भांड्यात समांग करा आणि गाळा. गाळलेल्यात ४ मिली ०.९ टक्के मिठाचं पाणी घाला, हलवा आणि थर वेगळे होऊ द्या. फॉस्फोलिपिड खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात असतात. वरच्या थरात मीठ, साखरा आणि गॅन्ग्लिओसाइड जातात. नायट्रोजनच्या झोतात वाळवा, गरम करू नका. मेंदूत डीएचएसारखी अतिअसंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात आणि हवेत ती खवट होतात.

प्लास्टिकची ट्यूब आणि रबरी बूच वापरू नका, क्लोरोफॉर्म त्यांतलं काहीबाही ओढून घेतो आणि प्लेटवर न सांगता येणारा ठिपका येतो. हे काम फ्यूम हूडमध्ये करा. तो नसेल तर आरपार वारा असलेल्या खोलीत करा, आणि जवळ शेगडी किंवा बर्नर नको.

प्लेट ११० अंशांवर तासभर तापवून घ्या. पावसाळ्यात ती बाहेर काढताच ओलावा पिते, तेव्हा कोमट असतानाच नमुना लावा. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी ६५:२५:४. टाकीत गाळणकागद उभा करून आतली हवा आधी वाफेने भरू द्या.

मेंदूच्या प्लेटवर एक फसवा पाहुणा असतो. सेरेब्रोसाइड या साखर जोडलेल्या लिपिडमध्ये फॉस्फरस नसतो, पण मेंदूत ते इतकं असतं की आयोडीनच्या वाफेत फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइनच्या वरच ठळक, बहुधा दुहेरी ठिपका देतं. त्याला फॉस्फोलिपिड समजून मोजणारे बरेच आहेत. म्हणून आयोडीनवर थांबू नका. निनहायड्रिनने इथेनॉलअमाइन आणि सेरीनवाले दिसतात, ड्रॅगेनडॉर्फने फॉस्फॅटिडिलकोलीन व स्फिंगोमायलिन, मॉलिब्डेनम ब्लूने फॉस्फरस असलेले सगळे, आणि अल्फा-नॅफ्थॉलने साखरवाले सेरेब्रोसाइड.

आम्ल घालून लिपिड काढायची पद्धत मेंदूला लावू नका. प्लाझ्मालोजेनचा व्हिनाइल-ईथर बंध आम्लात तुटतो आणि लायसो-फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन तयार होतं, जे मेंदूत मुळात तेवढं नव्हतंच.

## टप्पा १०: फॉस्फरस

फॉस्फोलिपिड किती हे त्यातल्या फॉस्फरसवरून मोजणाऱ्या बार्टलेटच्या पद्धतीच्या प्रचलित सुधारित रूपात पर्क्लोरिक आम्लात नमुना जाळावा लागतो. सेंद्रिय द्रावक शिल्लक असेल तर स्फोट होऊ शकतो. त्या आम्लासाठी खास हूड नसेल तर ही पद्धत करू नका. त्याऐवजी अमोनियम फेरोथायोसायनेटची पद्धत घ्या. जाळायला लागत नाही, रंग ४८८ नॅनोमीटरवर मोजतात. मात्र सर्व फॉस्फोलिपिडचा रंग सारखा येत नाही, म्हणून प्रमाण-नमुना त्याच जातीचा हवा.

बार्टलेट करता येत असेल तर काचसामान भांड्यांच्या पावडरीने धुऊ नका. तिच्यात फॉस्फेट असू शकतं आणि रिकाम्या ट्यूबलाही निळा रंग येतो. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. मिळालेल्या फॉस्फरसच्या वजनाला २५ ने गुणलं की फॉस्फोलिपिडचं अंदाजे वजन येतं.

## टप्पा ११: वहीत काय लिहायचं, काय नाही

फॉस्फॅटिडिलकोलीन जास्त सापडलं म्हणून ते बनवणारं एन्झाइम जास्त आहे, असं लिहू नका. साठा म्हणजे बनणं वजा तुटणं. पांढऱ्या भागात लिपिडचा साठा मोठा असतो तो मायलिनमुळे, आणि मायलिन सावकाश बदलतं. तिथलं एन्झाइम त्या क्षणी किती धावतंय हे साठ्यावरून कळत नाही.

प्रत्येक दिवसाच्या पानावर एवढं तरी असावं: शेळीचं अंदाजे वय आणि जात, बेरारी असेल तर तसं, गळा कापल्याची आणि बर्फात गेल्याची वेळ, मेंदूचा भाग, खोलीचं तापमान, बफरचा पीएच आणि तो कोणत्या तापमानाला मोजला, प्रत्येक वेळचं ‘जी’, वीज गेली असेल तर केव्हा आणि किती वेळ, अर्काचं नाव, सुपरनॅटंट की सायटोसोल, आणि सहाही ट्यूबचा निकाल, नको असलेला आला तरी.

उरलेली ऊती उकळून, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरा. कुत्र्यांना मिळेल अशी उकिरड्यावर टाकू नका. क्लोरोफॉर्म नालीत ओतायचा नाही. वेगळ्या काचेच्या बाटलीत जमा करा, बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, आणि ती उन्हापासून लांब ठेवा.